पुण्याची बीई परदेशातल्या इंजिनिअर-नोंदणीत कशी मोजली जाते

कॅनडाच्या पीआरसाठी डब्ल्यूईएसचा, म्हणजे परदेशी पदव्या तिकडच्या पदव्यांशी ताडणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट आला, त्यात आपली बीई तिकडच्या बॅचलर डिग्रीच्या तोडीची आहे असं लिहून आलं, की बरेच जण समजतात झालं, डिग्री मान्य झाली. मग तिकडे गेल्यावर प्रांतातली नोंदणी संस्था पुन्हा पहिल्यापासून कागद मागते, वर तांत्रिक परीक्षा लावते आणि पुण्याला फोन येतो, "अहो, डिग्री तर मान्य होती ना?" होती. कशासाठी मान्य होती, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

एकच डिग्री परदेशात तीन वेगवेगळ्या तराजूंत पडते. व्हिसा देणारं खातं बहुधा फक्त पातळी बघतं: बारावीनंतर चार वर्षं, बॅचलर, ठीक. एमएसला प्रवेश देणारं विद्यापीठ गुण बघतं. इंजिनिअर म्हणून परवाना देणारी संस्था मात्र आतला माल बघते: गणित किती, विज्ञान किती, डिझाइनचे विषय किती, आणि अभ्यासक्रम पुरेसा होता याची हमी कोण देतंय. एका तराजूचा निकाल दुसऱ्याला बांधील नसतो. हा लेख तिसऱ्या तराजूबद्दल आहे.

"आमच्या कॉलेजची डिग्री तिकडे चालते का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण जवळपास प्रत्येक देशात ती कुठल्या ना कुठल्या वाटेनं मोजली जाते. फरक पडतो तो ठोक भावानं मोजली जाते की विषयागणिक, यानं. त्यावर पुढची वर्षं आणि पैसे ठरतात, आणि ते बहुतेक पुण्यात बसून तपासता येतं.

आधी बघा, लायसन्स लागतंय का

चाकणला गाड्यांच्या कारखान्यात काम केलेला मेकॅनिकलवाला डेट्रॉईटच्या ऑटो कंपनीत गेला, तर त्याला पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या, लायसन्सची गरज बहुधा पडत नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत कारखान्याच्या आत, कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनासाठी काम करणाऱ्या इंजिनिअरला परवान्यातून सूट असते. परवाना लागतो तो लोकांना थेट सेवा देणाऱ्याला: इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाइन, रस्ते, पूल, पाणीपुरवठा, इमारतीतली वीज आणि वातानुकूलन. ड्रॉइंगवर सही-शिक्का मारायचा असेल तर लायसन्स हवंच. सॉफ्टवेअरवाल्यांनी अमेरिकेपुरता हा विषय सोडून दिला तरी चालेल.

कॅनडाचा मामला वेगळा आहे. तिथे 'इंजिनिअर' हे पदच कायद्यानं राखीव आहे. नोंदणी नसताना व्हिजिटिंग कार्डावर ते लावलं तर प्रांतातली संस्था नोटीस काढू शकते. ब्रिटनमध्ये बरोबर उलट, तिथे कुणीही स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यावं. कायद्यानं जपलेली आहेत ती 'चार्टर्ड इंजिनिअर' आणि 'इन्कॉर्पोरेटेड इंजिनिअर' ही बिरुदं, आणि ती घेणं ऐच्छिक. म्हणून कागद जमवायला लागण्याआधी आपली शाखा, आपलं काम आणि तो देश ही तिन्ही समोर ठेवून ठरवा. शेजारच्याचा मुलगा करतोय म्हणून पीई करणं हा महागडा छंद आहे.

वॉशिंग्टन करार: कोणाची डिग्री ठोक भावात जाते

१९८९ साली अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतल्या इंजिनिअरिंग संस्थांनी एक करार केला: तुम्ही तपासून मान्यता दिलेला अभ्यासक्रम आम्ही आमच्या अभ्यासक्रमाच्या तोडीचा मानू. हाच वॉशिंग्टन करार. पुढे त्यात इतर देश आले. भारताच्या वतीनं नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए, २००७ साली तात्पुरती सदस्य झाली आणि जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य.

एवढं ऐकून लोक निघतात: भारत करारात आहे, म्हणजे आपली बीई करारात आहे. इथे घोटाळा होतो, कारण आत आणखी चाळण्या आहेत.

पहिली चाळणी, मान्यता कॉलेजला नसते, अभ्यासक्रमाला असते. एकाच कॉलेजची मेकॅनिकल मान्यताप्राप्त आणि आयटी नाही, असं सर्रास असतं. कॉलेजच्या गेटवर लागलेला 'ए प्लस प्लस'चा फलक नॅकचा असतो. नॅक अख्ख्या संस्थेचं मूल्यमापन करते आणि वॉशिंग्टन करारात त्याला काही किंमत नाही. अर्जात नॅकची ग्रेड भरणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी चाळणी टियरची. एनबीए दोन टियरमध्ये मान्यता देते. स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणाऱ्या संस्था, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग, टियर एकमध्ये येतात. विद्यापीठाशी संलग्न असलेली, विद्यापीठाचाच सिलॅबस शिकवणारी कॉलेजं टियर दोनमध्ये. वॉशिंग्टन करारात फक्त टियर एकची मान्यता धरली जाते. आता पुण्याचा विचार करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बहुसंख्य इंजिनिअरिंग कॉलेजं वर्षानुवर्षं संलग्न होती. अनेकांना स्वायत्तता अलीकडे मिळाली. म्हणजे कॉलेज नावाजलेलं, प्लेसमेंट उत्तम, एनबीएची मान्यताही आहे, पण टियर दोन. करारात नाही.

तिसरी चाळणी तारखांची. एनबीएची मान्यता तीन किंवा सहा वर्षांसाठी असते आणि मधे खंड पडू शकतो. तुम्ही ज्या वर्षी पास झालात ते वर्ष मुदतीत बसलं पाहिजे. शिवाय पूर्ण सदस्यत्व २०१४चं, म्हणून त्याआधीच्या पदव्यांना करार लागू होत नाही. १९९८ साली शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल झालेला माणूस कितीही हुशार असो, कराराच्या हिशेबात तो बाहेर. १८५४ साली सुरू झालेल्या कॉलेजचा वारसा इथे उपयोगी पडत नाही.

डिप्लोमा आणि एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) हे या करारात येतच नाहीत. तंत्रज्ञांसाठी सिडनी आणि डब्लिन असे वेगळे करार आहेत, पण भारत त्यांत नाही.

तपासायचं कसं? एनबीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथे कॉलेज शोधा, मग आपली शाखा, मग टियर, मग मुदत 'कधीपासून कधीपर्यंत'. पान सापडलं की त्याची पीडीएफ तारखेसकट जपून ठेवा, कारण जुन्या मुदतीच्या नोंदी पुढे शोधायला कटकट होते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. 'एनबीए अ‍ॅक्रेडिटेड' असं मोठ्या अक्षरात आणि शाखा-मुदत बारीक अक्षरात, ही जुनी कला आहे.

या यादीचा चटका किती बसू शकतो ते २०१८ साली कुवेतमध्ये दिसलं. तिथल्या मनुष्यबळ प्राधिकरणानं इंजिनिअरांच्या कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सची ना-हरकत सक्तीची केली आणि सोसायटीनं भारतीय पदव्यांसाठी एनबीएची मान्यता बघायला सुरुवात केली. वीस-वीस वर्षं तिथे काम केलेली माणसं अडकली, कारण ती शिकली तेव्हा त्यांच्या कॉलेजला एनबीए नव्हतीच. आखातात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तिथे वॉशिंग्टन कराराची बारीक कलमं कुणी काढत नाही, पण एनबीए, मूळ पदवीची पडताळणी आणि दूतावासापर्यंतचं अटेस्टेशन यावर काटेकोर बोट ठेवतात.

आणि करारात बसलात तरी तो परवाना नव्हे. 'शिक्षणाची अट पूर्ण' असं म्हणायला तो आधार देतो. अनुभव, परीक्षा, नीतिनियमांची चाचणी पुढे आहेच. शिवाय प्रत्यक्ष लायसन्स देणारी राज्यं आणि प्रांत कराराला बांधील नाहीत. करारावर सह्या त्यांच्या नाहीतच.

अमेरिका: क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेत परवाना राज्य देतं. टेक्सासला चाललं ते फ्लोरिडाला चालेलच असं नाही. साधारण वाट अशी: मान्य शिक्षण, एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा, मग सहसा चार वर्षांचा अनुभव, मग पीई परीक्षा. मान्य शिक्षण म्हणजे त्यांच्या एबीईटी या संस्थेनं मान्यता दिलेला अभ्यासक्रम. वॉशिंग्टन करारावर अमेरिकेच्या बाजूनं सही एबीईटीची आहे, पण बरीच राज्यं परदेशी पदवीधराला सरळ सांगतात, एनसीईईएसकडून, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून, मूल्यमापन करून आणा.

एनसीईईएस तुमचे विषय एकेक करून दोन पारड्यांत टाकते. गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान ३२ सेमिस्टर क्रेडिट. इंजिनिअरिंग शास्त्र आणि डिझाइन मिळून किमान ४८. दुसऱ्या पारड्यात पुण्याच्या बीईला अडचण सहसा येत नाही, आपल्याकडे कोर विषयांचा भरणा असतोच. अडतं पहिल्या पारड्यात. एम-वन, एम-टू, एम-थ्री, फिजिक्स, केमिस्ट्री धरलं तरी ३२ गाठताना दमछाक होते. प्रोग्रॅमिंगचे विषय इथे धरत नाहीत. ग्राफिक्स म्हणजे गणित नव्हे. म्हणून न्यूमरिकल मेथड्स, स्टॅटिस्टिक्स, डिस्क्रीट मॅथ्स, जिऑलॉजी असे विषय शिकला असाल तर ते सिलॅबसमध्ये स्वच्छ दिसले पाहिजेत. 'कॉम्प्युटर ओरिएंटेड न्यूमरिकल मेथड्स' असं नाव असलेला विषय आतून निव्वळ गणित असू शकतो, पण मूल्यमापन करणाऱ्याला ते नावावरून कसं कळणार? घटकवार सिलॅबस जोडला तरच.

क्रेडिट कमी भरली तर रिपोर्टमध्ये तूट लिहून येते: गणित-विज्ञानात अमुक क्रेडिट कमी. ती एखाद्या मान्य कॉलेजात विषय घेऊन भरता येते. तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी लिनिअर अल्जिब्राला बसलेले पस्तिशीचे भारतीय सिव्हिल इंजिनिअर हे दृश्य काही दुर्मीळ नाही. किती तूट मान्य करायची आणि अनुभवानं ती भरून निघते का, हे पुन्हा राज्यावर. कॅलिफोर्नियाचा हिशेब तर निराळाच आहे. तिथे शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षं लागतात, त्यात एबीईटी-मान्य पदवीची चार वर्षं धरतात आणि मान्यता नसलेल्या इंजिनिअरिंग पदवीची दोन. उरलेला भार अनुभवावर.

एक गैरसमज पालकांमध्ये पक्का आहे: अमेरिकेतून एमएस केलं की मागची बीई विचारत नाहीत. विचारतात. एबीईटीची मान्यता प्रामुख्यानं बॅचलरच्या अभ्यासक्रमांना असते, एमएसला क्वचितच. एमएसचे विषय क्रेडिटच्या हिशेबात मदत करतात, विशेषतः डिझाइनच्या पारड्यात, पण बॅचलरचा अभ्यासक्रम तपासला जातोच. काही राज्यांत एमएसचा फायदा चांगला मिळतो. विद्यापीठ निवडण्याआधी राज्याच्या बोर्डाचे नियम एकदा वाचून काढा, तासाभराचं काम आहे.

एफई संगणकावर होते, ११० प्रश्न, सगळं मिळून सहा तासांचा कार्यक्रम. परीक्षेत दिसणारी संदर्भपुस्तिका एनसीईईएस खातं उघडणाऱ्याला फुकट देते. ती डाउनलोड करून शेवटच्या वर्षातच चाळायला लागा. गेटचा अभ्यास केलेल्यांना विषय ओळखीचे वाटतील. अवघड जातात ती एककं. फूट, पौंड, इंच, किप. आयुष्य न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये गेलेलं असतं.

कॅनडा

इथे प्रांतागणिक संस्था आहे: ओंटारियोत पीईओ, अल्बर्टात अपेगा, ब्रिटिश कोलंबियाची निराळी. कॅनडातल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाबाहेरचा पदवीधर आला की या संस्था त्याचे विषय आपल्या अपेक्षित अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि खात्री करून घेण्यासाठी तांत्रिक परीक्षा लावतात. म्हणजे नापास करण्यासाठी नव्हे, तुमची डिग्री कागदावर दिसते तशीच आहे ना ते पडताळायला. काही प्रांतांत, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया धरून, या परीक्षांऐवजी अमेरिकेची एफई पास झालेली चालते. अमेरिका की कॅनडा हे ठरत नसेल, तर एफई दोन्हीकडे कामाला येते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

ओंटारियोनं मे २०२३ मध्ये मोठा बदल केला: परवान्यासाठी एक वर्षाचा कॅनडातला अनुभव लागायचा, ती अट काढून टाकली. एकूण चार वर्षांचा इंजिनिअरिंग अनुभव लागतोच, पण तो आता भारतातला असू शकतो आणि क्षमतांच्या यादीबरहुकूम लिहून द्यावा लागतो. जुने ब्लॉग आणि नातेवाइकांचे सल्ले अजून 'एक वर्ष कॅनेडियन एक्स्पीरियन्स'वर अडलेले आहेत. याशिवाय कायदा आणि नीतिनियमांची एनपीपीई ही परीक्षा आहे. ती वाचून पास होते, पण वाचावी लागते.

ऑस्ट्रेलिया, आणि तयार सीडीआर विकणारे

ऑस्ट्रेलियात व्हिसासाठीचं कौशल्य-मूल्यमापन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. इथे वॉशिंग्टन कराराचा फायदा सगळ्यांत रोकडा: टियर एक, योग्य वर्ष, योग्य शाखा, तर सरळ मान्यताप्राप्त पदवीच्या वाटेनं अर्ज. बाकीच्यांना सीडीआर, म्हणजे स्वतःच्या क्षमतेचा लेखी पुरावा. त्यात तीन 'करिअर एपिसोड', प्रत्येक एक हजार ते अडीच हजार शब्दांचा, एक सारांश-तक्ता आणि केलेल्या प्रशिक्षणांची यादी.

पुण्यात हा धंदा जोरात आहे. डेक्कनपासून वाकडपर्यंत कुणी ना कुणी 'गॅरंटीड सीडीआर' विकतंय. तीच तीन गोष्टींची साचेबंद फाइल, नाव आणि प्रोजेक्ट बदलून. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया मजकूर ताडून बघते आणि उचललेला मजकूर सापडला तर अर्ज तर जातोच, पुन्हा अर्ज करण्यावरही बंदी येते. पैसे देऊन स्वतःच्या वाटेत खड्डा खणायचा हा प्रकार.

स्वतः लिहायला अवघड नाही, फक्त आपली सवय मोडावी लागते. आपण लिहितो, "आमच्या टीमनं पुलाचं डिझाइन केलं." त्यांना हवं असतं: "मी खांबावरचा भार काढला, मातीचा रिपोर्ट बघून पाइलची लांबी वाढवायला सुचवलं, कारण वरच्या थरात काळी माती होती, वरिष्ठांनी आधी नकार दिला, मग मी बसण्याचा हिशेब मांडून दाखवला." प्रथमपुरुषी एकवचनी, निर्णय कुठला, का घेतला, आकडा कुठून आला. बीईचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही एक एपिसोड म्हणून चालतो, बशर्ते तो तुम्ही केलेला असेल. अप्पा बळवंत चौकात बाइंडिंग करून घेण्याआधी तो कुठून आला होता, हे ज्याचं त्याला ठाऊक.

मूल्यमापन म्हणजे परवाना नव्हे हे इथेही खरं. क्वीन्सलँडमध्ये २००२च्या कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, व्हिक्टोरियानं २०१९ साली कायदा केला, न्यू साउथ वेल्समध्ये इमारतींच्या डिझाइनसाठी २०२०चा कायदा आहे. ज्या राज्यात नोकरी, तिथलं वाचा.

बाकीचे देश, थोडक्यात

न्यूझीलंडमध्ये करारातली पदवी असेल तर चार्टर्ड होण्यासाठी शिक्षणाची बाजू सुटते. नसेल तर 'ज्ञान-मूल्यमापन' करून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये तुमच्या शाखेची संस्था, सिव्हिलला आयसीई, मेकॅनिकलला आयमेकई, अर्ज घेते. चार्टर्डसाठी तिथे मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण अपेक्षित असतं, त्यामुळे नुसती बीई, करारातली असली तरी, इन्कॉर्पोरेटेडपर्यंत सहज नेते आणि पुढच्या टप्प्यासाठी मास्टर्स किंवा कामातून तितकं शिकल्याचा पुरावा लागतो. जर्मनीचं गणित स्वतंत्र: 'अनाबिन' या सरकारी यादीत विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्य संस्थेची खूण, आहे का ते बघायचं, आणि तिथे इंजिनिअर हे पद लावायचं असेल तर त्या राज्याच्या इंजिनिअर-मंडळाकडे किंवा नेमलेल्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या बी-टूला बसलेल्या अनेकांना पदाचीही परवानगी लागते हे माहीत नसतं.

पुणे सोडण्याआधी जमवायचे कागद

ही सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी. टोरंटोत बसून गणेशखिंडच्या विद्यापीठातून किंवा कॉलेजच्या ऑफिसातून कागद काढणं म्हणजे घरच्यांना कामाला लावणं.

ट्रान्सक्रिप्टपासून सुरुवात करा. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याचं विद्यापीठाकडून निघतं. स्वायत्त कॉलेजचा मामला दुपेडी असतो: गुणपत्रकं कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट एकीकडून आणि पदवीची पडताळणी दुसरीकडून, अशी विभागणी होते. सीओईपी २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झालं, पण त्याआधीच्या बॅचच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्याच आहेत. बहुतेक परदेशी संस्थांना कागद थेट संस्थेकडून हवा असतो, तुमच्या हातून नव्हे; सीलबंद पाकीट असेल तर झाकणावर सही-शिक्का. म्हणून आधी परदेशी संस्थेकडे फाइल उघडा, तिचा संदर्भ क्रमांक घ्या आणि तो टाकूनच इथे अर्ज करा. नुसतं ट्रान्सक्रिप्ट घरी आणून ठेवलंत तर पुन्हा फी भरायची वेळ येते.

विद्यापीठाचं नाव बदललेलं आहे, हेही सांभाळा. जुन्या पदव्यांवर 'युनिव्हर्सिटी ऑफ पूना', नंतर 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे', आणि २०१४पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. परदेशातल्या यादीत तिन्हींपैकी एकच असेल, तर दोन ओळींचं स्पष्टीकरण सोबत जोडा.

मग सिलॅबस. आपल्याकडे सिलॅबस पॅटर्नच्या नावानं ओळखला जातो: २००३, २००८, २०१२, २०१५, २०१९. तुमच्या चार वर्षांत पॅटर्न बदलला असेल, किंवा इयर डाउन होऊन पुढच्या बॅचमध्ये गेला असाल, तर दोन पॅटर्नची पानं लागतात. २०१५च्या आधीच्या गुणपत्रकांवर क्रेडिट नसतात. नुसतं पेपर १००, टर्मवर्क २५, ओरल ५० असं असतं. परदेशातला तपासणीस यातून क्रेडिट कुठून काढणार? सिलॅबसच्या सुरुवातीला असलेल्या टीचिंग स्कीमच्या तक्त्यातून: आठवड्याला लेक्चर चार तास, प्रॅक्टिकल दोन तास. तो तक्ता फाइलमध्ये हवाच. लोक विषयांची पानं जोडतात आणि तक्ताच विसरतात. ज्या विषयाचं इलेक्टिव्ह घेतलं ते गुणपत्रकावर नुसतं 'इलेक्टिव्ह-टू' म्हणून आलं असेल, तर नाव लिहिलेलं पत्र कॉलेजकडून घ्या. सगळ्या पानांवर प्राचार्य किंवा विभागप्रमुखांचा शिक्का एका बैठकीत मारून घ्या, आणि परीक्षांच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, ऑफिसातला माणूस तुमच्याकडे मान वर करूनही बघणार नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी खास लक्ष द्या. तुमच्या बीईच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिलं वर्षच नाही, म्हणजे एम-वन, एम-टू, फिजिक्स, केमिस्ट्री दिसतच नाहीत. वॉशिंग्टन कराराच्या वाटेनं गेलात तर पूर्ण अभ्यासक्रम मान्य असल्यानं निभावतं. विषयागणिक मोजणी असेल तर गणित-विज्ञानाचं पारडं हमखास वर जातं. तंत्रशिक्षण मंडळाचं डिप्लोमाचं ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबस सोबत द्या, थेट प्रवेश नियमानुसार झाला असं कॉलेजचं पत्र द्या, आणि तरीही काही क्रेडिट धरली जाणार नाहीत हे गृहीत धरून चाला.

नावांचा गोंधळ हा खास आपला. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, जवळच आईचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. परदेशातल्या कारकुनाला ही चार वेगळी माणसं वाटतात. राजपत्रातली नाव-बदलाची नोंद, लग्नाचं प्रमाणपत्र आणि 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, तिन्ही एकत्र ठेवा. आणि एफईच्या नोंदणीत जे नाव घालाल ते पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळू द्या, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातून परत.

अनुभव: इथेच पुण्यातले सर्वाधिक लोक अडकतात

मेकॅनिकल किंवा सिव्हिलची बीई, आणि पहिल्या दिवसापासून हिंजवडीत आयटी. डिग्री मोजली जाईल, पण आयटीतली वर्षं त्या शाखेचा अनुभव म्हणून सहसा धरली जाणार नाहीत. टेस्टिंग आणि सपोर्टच्या कामात 'इंजिनिअर' हा हुद्दा असतो, इंजिनिअरिंग तत्त्वांचा वापर दाखवता येत नाही. ज्यांना सिव्हिलचं लायसन्स हवंच आहे, त्यांनी आधी सिव्हिलच्या कामात परत यावं. मूल्यमापनाची फी त्यानंतर भरावी.

ज्यांचं काम शाखेतलं आहे त्यांची अडचण पत्राची. आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर मिळतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, सीनियर इंजिनिअर, वर्तणूक चांगली. परवान्यासाठी हे निरुपयोगी. पत्रात असं हवं: "अकरा मजली निवासी इमारतीच्या राफ्ट फाउंडेशनचं डिझाइन आयएस ४५६ प्रमाणे केलं, भूकंपाचा भार आयएस १८९३ प्रमाणे काढला, मॉडेल स्वतः बांधून हाताच्या हिशेबाशी ताडलं, तपासणी अमुक पदावरच्या इंजिनिअरनं केली." तपासणाऱ्याची शिक्षण-पात्रता, त्याचा सध्याचा मेल आणि तो तुम्हाला कामातून ओळखतो हे नमूद करा. अमेरिकेत अनुभवाला दुजोरा शक्यतो परवानाधारक इंजिनिअरनं द्यावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे तसा माणूस ऑफिसात नसतोच, म्हणून त्या राज्याचं बोर्ड कोणाचा दुजोरा घेतं ते आधी विचारून घ्या. नोकरी सोडतानाच, संबंध गोड असताना, पत्राचा मसुदा स्वतः लिहून साहेबांसमोर ठेवा. दोन वर्षांनी साहेब दुसऱ्या कंपनीत असतात आणि एचआर म्हणतं, आमच्या फॉरमॅटबाहेर देता येत नाही.

उलटी वाट: परदेशी डिग्री घेऊन पुण्यात

भारतात डॉक्टरांसाठी कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. सगळ्या इंजिनिअरांना बांधणारा तसा देशव्यापी कायदा नाही. खासगी नोकरीत परदेशी बीएस्सी किंवा एमएस्सीला कुणी समकक्षता विचारत नाही. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडीला मात्र समकक्षता प्रमाणपत्र लागतं. हे काम वर्षानुवर्षं दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करत आली. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानंही परदेशी पदव्यांच्या मान्यतेचे नियम आणले. अर्ज कुठे करायचा ते तुम्हाला घेणाऱ्या संस्थेलाच लेखी विचारा.

महापालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी करायची असेल तर राज्याची २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, बघायची. तांत्रिक व्यक्तींची पात्रता तिच्या परिशिष्टात दिली आहे. पदवीची शाखा आणि स्ट्रक्चरल कामाचा अनुभव दोन्ही बघितले जातात. परदेशी पदव्यांची नावं इथे अडचण करतात: 'बिल्ट एन्व्हायर्नमेंट', 'कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट', 'सस्टेनेबल इन्फ्रास्ट्रक्चर'. टेबलामागच्या माणसाला पाहिजे असतं 'सिव्हिल' किंवा 'स्ट्रक्चरल'. नाव तसं नसेल तर अभ्यासलेल्या विषयांची यादी आणि शाखा स्पष्ट करणारं पत्र त्या विद्यापीठाकडून तिथे असतानाच घ्या. इथून मेल करून ते मिळवायला एखादा उन्हाळा जातो, कारण तिकडचं ऑफिस सुट्टीवर असतं.